फुकट जमवलेली लग्नं

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी आणि कॉलेजातल्या एका गुजराती मित्राने लग्नाच्या स्थळांची वेबसाइट काढली. सुरतेत राहणाऱ्या खानदेशी लोकांसाठी. तिला धंदा म्हणावं का, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

वडील सुरतेच्या पांडेसऱ्यात, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये होते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. साइटसाठी सर्व्हरवरची जागा वर्षभर भाड्याने घ्यावी लागणार होती. वडिलांनी त्यासाठी दिवाळीचा बोनस दिला आणि म्हणाले, "पुढच्या दिवाळीपर्यंत यातून तुझा खर्च निघाला तर शिक. नाही निघाला तर मिलमध्ये ये. परीक्षा बाहेरूनही देता येते."

साइट चालली. खरंच चालली. जळगाव-धुळ्याकडचे शिकलेले भाचे-पुतणे तिकडच्या सायबर कॅफेतून स्थळं पाठवायचे. आमच्या वस्तीत कोणी संगणकाला हात लावत नसे, म्हणून दर रविवारी मी सगळी स्थळं छापून आणायचो आणि चहाच्या टपरीपाशी बसायचो. गर्दी व्हायची. उन्हाळ्यात पाच-सहा लग्नं तर माझ्या माहितीत जमली. पाहणाऱ्यांचा आकडा वाढला की मित्र मला टाळी द्यायचा. पैसे पुढे येतील, असं आम्ही दोघेही धरून चाललो होतो. कुठून येतील, हे एकमेकांना विचारायचं मात्र टाळत होतो.

पावसाळ्यात आम्ही रिंग रोडवरच्या एका साडीवाल्या शेठकडे जाहिरात मागायला गेलो. त्यांनी आमचे आकड्यांचे कागद नीट वाचले. चहा पाजला. मग म्हणाले, "देखते हैं बहुत, वो ठीक है. पर खरीदते क्या हैं? तुम्हारे लोग तो मिल से ही डागवाली साडी सस्ते में ले जाते हैं." माझ्या आईच्या अंगावर तेव्हा तसलीच साडी असायची.

मग आम्ही ठरवलं, स्थळ घालायचं तर पन्नास रुपये. त्या रविवारी टपरीपाशी मी ते सांगितलं. एक म्हातारे बाबा, ज्यांच्या नातीचं आमच्याकडून जमलं होतं, ते उठूनच उभे राहिले.

"लगीन जमाडाना पैसा लेशी? दलाल शे का तू?"

"बाबा, जागेचं भाडं असतं…"

"जागा? कुठे आहे जागा, दाखव!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. आमच्यात लग्न जमवणं हे पुण्याचं काम. माझ्या काकांनी किती जमवली, कोणाकडून रुपया घेतला नाही. मला हे लहानपणापासून माहीत होतं, तरी साइट काढताना ते मनात आलं नाही. कॉलेजात शिकल्यावर काही गोष्टी वेगळ्या होतात, असं वाटलं असेल.

त्याच बाबांनी उन्हाळ्यात नातीच्या लग्नात मला मांडवात बोलावून टॉवेल-टोपी दिली होती. माइकवरून माझं नाव घेतलं. वडील पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मित्राला कतारगामला हिऱ्यांच्या एका ऑफिसात नोकरी लागली. "तू चलाव," म्हणाला, पण चालवायचं कशावर? दिवाळी आली तशी जागेची मुदत संपली आणि साइट दिसेनाशी झाली. वडिलांनी मला फक्त पाळी सातला सुरू होते एवढं सांगितलं.

मिलमध्ये पहिल्याच दिवशी, कापडाच्या घड्या घालणाऱ्या घडी खात्यातल्या एका माणसाने मला ओळखलं. खिशातून घडी केलेला कागद काढला. "भाऊ, धाकटीचं टाक ना तुझ्या त्या कॉम्प्युटरवर."

"बंद झाली ती."

"बंद?" त्याला पटेना. "एवढी चालत होती, आणि बंद कशी होईल?"

मी सांगायला सुरुवात केली, पण मशिनं चालू झाली आणि त्याला काही ऐकू गेलं नाही.