काकूंच्या तव्यापाशी

जालन्याच्या आमच्या खानावळवाल्या काकूंसारखी रागीट बाई साऱ्या मराठवाड्यात झाली नसेल, आणि झाली असलीच तर तिने खानावळ नक्कीच काढली नसेल. निजामी संपून कचेऱ्यांतून मराठी सुरू झाली तेव्हा आम्ही पाचसात कारकून बाहेरगावांहून तिथे आलो आणि दोन्ही वेळच्या जेवणाला काकूंच्या तावडीत सापडलो. ताटात उरलं की राग, काहीच उरलं नाही की "घरी खाल्लं न्हाई का कधी" म्हणून राग. पण खरा संताप त्या राखून ठेवत तो कामाला आलेल्या माणसाने आपली वर्षं सांगितली की. "किती वर्षं केलं ते बिलकुल सांगू नको. एक भाकर करून दाव," म्हणत त्या परात पुढे ढकलत.

तीर्थपुरीचा एक आचारी आला होता. पिळदार मिशा, खांद्यावर स्वच्छ पंचा, आणि एका बड्या घरची चूल बावीस वर्षं सांभाळल्याचा रुबाब. त्याने ज्वारीचं पीठ मळलं, थापायला घेतलं आणि भाकरीला चहूकडून चिरा गेल्या. काकूंनी ती त्याच्याच डोळ्यांपुढे धरली. "बावीस वर्षं त्यांनी हे खाल्लं? त्यांनी तुझं काय वाकडं केल्तं?" आम्ही पोट धरधरून हसलो आणि बिचारा पंचा सावरत निघून गेला. त्याच आठवड्यात वाटूरकडची सगुणा आली. विशीची, सासरहून हाकललेली, कुठेही नोकरी न केलेली, आणि तोंडाची फटकळ. तिची भाकरी तव्यावर टम्म फुगली. काकूंनी तिला तिथल्या तिथे ठेवून घेतलं आणि लगेच पाणी सांडलं म्हणून झापलं.

हा प्रकार खानावळीपुरता राहिला असता तर ठीक होतं. काकूंच्या भाचीला पाहायला आलेला मुलगा म्हणाला, आपण पाच वर्षं मास्तर आहोत. काकूंनी गल्लीतली पोरं गोळा करून त्याच्यापुढे बसवली आणि "शिकवा" म्हणाल्या. पोरांनी त्याची टोपी पळवली. लग्न फिसकटलं. भाचीची आई पुढे कितीतरी दिवस काकूंशी बोलत नव्हती, आणि मला विचाराल तर तिचं बरोबर होतं. माणसाला चारचौघांत असं सोलून काढलेलं मला आजही खपत नाही.

मग एका थंडीत काकू विहिरीपाशी घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट दुखावलं. पट्टी निघताच त्या नेहमीसारख्या स्वतःच तव्यापाशी बसल्या आणि सगुणा जाळ घालू लागली, पण हाताला पहिल्यासारखा दाब येईना. भाकऱ्या जाड होऊ लागल्या, कडेला फाटू लागल्या. आम्ही मुकाट्याने खात होतो. भाकऱ्या वाईट होत्या, पण काकू आम्हाला आवडत होत्या.

एका दुपारी पंगत अर्ध्यावर आली होती. काकू तव्यापासून उठून वाढायला आल्या, टोपलीतली भाकरी हातात घेतली आणि भडकल्या.

"सगुणे, ही भाकर हाय का खापर? हे काय करून राह्यली तू? बांध तुझं बोचकं."

सगुणाला जायला दुसरं घर नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मी सकाळपून जाळ घालून राह्यले, काकू. तव्यापाशी तुम्हीच बसल्त्या."

काकूंनी भाकरी उलटीसुलटी करून पाहिली. मला राहवलं नाही. "मनगट दुखावलंय तुमचं. आणि काकू, इतकी वर्षं तुम्ही..."

"वर्षं खाता का तुम्ही?" त्या कडाडल्या. "तो बावीस वर्षांवाला हाकलला, तवा हसल्ते सगळे."

मग सगुणाला म्हणाल्या, "ऊठ. बस तव्यापाशी." आणि स्वतः खाली बसून चुलीत लाकडं सारू लागल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. दुसऱ्याला नाही तर नाही, स्वतःला तरी माफ करायचं होतं या बाईने.

त्यानंतर त्या तव्याला शिवल्या नाहीत. जाळ कमी झाला की सगुणा त्यांच्यावर खेकसे, आणि काकू "हो गं" म्हणून फुंकणी उचलत. सगुणाच्या भाकऱ्या सुरेखच होत्या. खानावळ मात्र इतकी शांत झाली की जेवण अंगी लागेना. एकदा मी मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काकू, आज आमटी अळणी आहे." आमटी अळणी नव्हती. काकू हळूच उठल्या, मिठाचं भांडं माझ्या ताटाशी ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या, बाबा."

मी आमटीत चिमूटभर मीठ घातलं आणि ती खारट आमटी संपवली.