सुटणारा पट्टा

खेळण्यांच्या कारखान्यात कापडी अस्वलं शिवणाऱ्या बायका पंधरा, त्यांना डोळे लावणाऱ्या चार, आणि लावलेले डोळे उपटून काढायला बसवलेली एकटी ही. अस्वलाचा डोळा चिमट्यात धरायचा, यंत्राची मूठ फिरवायची, काट्यानं नऊ किलोचा ताण दाखवला की मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. डोळा जागेवर राहिला तर पास. हातात आला तर अख्खा माल परत. एकोणीस वर्षं तिनं हेच केलं, आणि तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. बाकी सगळ्यांची ती खेचूबाई.

जन्मभर केलेलं काम माणसाच्या हाडीमाशी खिळतं. खेचूबाई खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची हलवून बघायची. दुकानदार जास्त गोड बोलला की दुकान बदलायची. लग्न ठरण्याआधी दोघं पहिल्यांदा भेटले, तेव्हा बोलता बोलता तिनं नवऱ्याच्या बाहीचं बटण ओढून पाहिलं होतं म्हणे. "तुटलं असतं तर सुटलो असतो," असं नवरा चारचौघांत सांगतो आणि हळूच तिच्याकडे बघून घेतो. त्याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून काचा बसवतो, पण त्याला स्वतःला कुणात काही वाईट म्हणून दिसत नाही. असा हा जोडा.

क्रूझचं खूळ त्यानंच काढलं. एका संध्याकाळी तीन कंपन्यांची चकचकीत माहितीपत्रकं घेऊन आला आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसला. लेक अकरा वर्षांची, धाकटा पाचाचा. दोघंही त्यावर तुटून पडले.

"चार दिवसांची समुद्रसफर," नवरा म्हणाला. "पुढच्या वर्षी लेक बाराची होईल. मग ती आपल्याबरोबर कशाला येतेय? हीच शेवटची सुट्टी समज."

खेचूबाईनं पोरांच्या हातातली पत्रकं काढून घेतली. तिनं एवढंच विचारलं, "एकदम तीन कंपन्या? तिघींनाही आपलीच पडलीय का?"

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याच्या दुकानातलं सगळ्यात जाड भिंग घरी आणलं. पहिली कंपनी घसरगुंडीवाली. जहाजाच्या छतावर तीन वेढे घेत पाण्यात उतरणारी लाल घसरगुंडी, आणि तिच्याभोवती हसणारी मुलं. खेचूबाईनं भिंगातून अकरा फोटो पाहिले.

"एकाचेही केस ओले नाहीत," ती म्हणाली. "पाण्याची घसरगुंडी आणि पोरं कोरडी ठणठणीत. कुठंतरी पाणी मुरतंय."

"मुरतंय म्हणूनच कोरडी असतील," नवरा म्हणाला. तिला हसू आलं नाही.

दुसरी देवमाशाची, म्हणजे तिच्या पत्रकावर देवमासा होता. मुलांसाठी वेगळी खोली, खेळ, रंगकाम. मात्र खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: दहा वर्षांवरील मूल आईवडिलांनी लेखी परवानगी दिल्यास मुलांच्या खोलीतून एकटं ये-जा करू शकेल. ती ओळ लेकीनं भिंगाशिवाय वाचली होती. "मला ही पाहिजे," तिनं लगेच सांगून टाकलं. खेचूबाईला तेवढ्यानं ती कंपनी नकोशी झाली.

तिसरी निळ्या पत्रकाची. तिथं प्रत्येक मुलाच्या मनगटावर पट्टा. चढताना बांधायचा, उतरतानाच काढायचा. मूल कुठं आहे ते आईवडिलांच्या फोनवर मिनिटामिनिटाला दिसणार.

"हे बघ," खेचूबाई नवऱ्याला म्हणाली, "यांना पोरांची किंमत आहे."

"ही पोरं आहेत की सामान?" लेकीनं विचारलं.

या प्रश्नामागं एक जुनी गोष्ट होती. लेक तीन वर्षांची असताना कपड्यांच्या मोठ्या दुकानात हरवली होती. अकरा मिनिटं. लटकवलेल्या कोटांच्या आत शांत बसली होती, सापडल्यावर हसली. तिच्या लेखी गोष्ट तिथंच संपली. खेचूबाईची मात्र ती अकरा मिनिटं अजून संपली नव्हती. गेल्या वर्षी शाळेचं शिबिर होतं, तेव्हा तीस मुलांच्या आया निरोप देऊन घरी गेल्या. ही शिबिरासमोरच्या लॉजवर दोन दिवस खिडकी धरून बसली. मुलांनी तिला ओळखलं. तेव्हापासून लेकीनं शाळेतलं काही घरी सांगणं बंद केलं होतं, आणि हे खेचूबाईला समजत होतं. समजून करणार काय? दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तसं तिचं झालं होतं.

तिनं तिन्ही कंपन्यांना फोन केले. कठड्याच्या गजांमध्ये किती अंतर आहे, खोलीच्या दाराला बोट चेमटेल अशी फट आहे का, मुलांना सांभाळणाऱ्या मुली रोज त्याच असतात की बदलतात? शेवटी प्रत्येकीला एकच मागणी: मुलांच्या हातात पट्टा बांधत असाल तर तो नमुन्याला पाठवा. घसरगुंडीवाल्यांनी फोन ठेवून दिला, तसं तिनं त्यांचं पत्रक रद्दीत टाकलं. देवमाशाकडून एक केशरी पट्टा आला. निळ्या कंपनीनं दोन पाठवले, सोबत पत्रही.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं पट्टे यंत्राला लावले. केशरी पट्टा चार किलोलाच टक् करून उघडला. खेचूबाई स्वतःशीच हसली. "हे म्हणे पोरं सांभाळणार!" निळा लावला. नऊ किलो. दहापर्यंत मोजलं. जागचा हलला नाही. तिनं मूठ आणखी फिरवली. बारा किलो, तरी तसाच. अस्वलाच्या डोळ्याला लावतात तशी हिरवी चिठ्ठी तिनं त्याला लावली, आणि न खेचलेला दुसरा पट्टा पर्समध्ये घालून घरी आली.

"ठरलं," ती दारातूनच म्हणाली. "निळी." आणि लेकीचा हात धरून पट्टा तिच्या मनगटावर चढवला. "दोन मिनिटं घालून तर बघ."

लेकीनं हाताकडे पाहिलं, मग आईकडे. "मी येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही तिघं जा. माझी एवढी काळजी असेल तर मला घरात कोंडून जा. कुलूपही खेचून बघ."

ती तरातरा आपल्या खोलीकडे निघाली. वाटेत कपाट होतं. त्याच्या लोखंडी मुठीत पट्टा अडकला आणि पोरगी उलटी खेचली जाऊन गुडघ्यावर आपटली. हात वर लटकलेला, पट्टा मनगटात रुतलेला. ती ओरडली. खेचूबाई धावली, तिनं पट्टा ओढला. ओढला की तो आणखी आवळे. कात्री आणली, ती नुसती घसरत होती. शेवटी नवऱ्यानं चष्म्याच्या तारा कापायची पक्कड आणली आणि तिसऱ्या झटक्याला पट्टा तुटला.

मनगटावर लाल वळ उमटला होता. लेक रडत नव्हती. धाकटाच रडत होता.

खेचूबाई तिथंच फरशीवर बसली. तिच्या यंत्रासमोरच्या भिंतीवर एकोणीस वर्षं एक पाटी होती. नव्या मुलींना ती तिनंच पाठ करून घेतली होती: डोळा सुटता कामा नये, दोरी सुटलीच पाहिजे. डोळा पोराच्या घशात जातो म्हणून तो घट्ट हवा. दोरी गळ्याला, हाताला फास बसवते म्हणून ताण आला की ती सुटायलाच हवी. पाळण्याला बांधायच्या झुंबरांची दोरी न सुटल्याबद्दल तिनं पेट्याच्या पेट्या परत पाठवल्या होत्या. आणि स्वतःच्या पोरीच्या हाताला बांधायच्या पट्ट्याला तिनं डोळ्याचा नियम लावला. कारखान्यातल्या कुठल्या नवख्या मुलीनं ही चूक केली असती, तर हिनं तिला दिवसभर टोमणे मारले असते.

सोमवारी तिनं देवमाशाला फोन लावला. आवाजात दरारा होता, पण आधीइतका नाही.

"तुमचा पट्टा चार किलोला सुटला," ती म्हणाली.

"सुटायलाच केलाय, ताई," पलीकडची बाई म्हणाली. "पोर कुठं अडकलं तर पट्टा जाऊ दे, हात राहू दे."

"आणि पट्टा सुटून पोर हरवलं तर?"

"खोलीत माणूस असतोच. पण तुमची अकराची ना? ती रस्ता विचारेल की."

एवढं सरळ उत्तर ऐकून खेचूबाईला नेहमीप्रमाणे संशय आला. तिनं तो चाचपून पाहिला. या खेपेला तो त्या बाईबद्दल नव्हता. लेक रस्ता विचारेल, हे आपण कधी धरूनच चाललो नव्हतो, हे तिला त्या फोनवर कळलं. "फॉर्म पाठवा," ती म्हणाली.

फॉर्म आला. संध्याकाळी टेबलाशी बसून तिनं सगळे रकाने भरले. खाली ती परवानगीची ओळ होती. आजवर तिनं हजारो कागदांवर सह्या केल्या होत्या, पण वस्तू ओढून, आपटून, मोडून बघितल्यावरच. न मोडता सही करायची ही पहिलीच वेळ. तिनं सही केली आणि कागद लेकीपुढं सरकवला.

लेकीनं वाचला. पुन्हा वाचला. मग उलटून मागची बाजू पाहिली, दिव्यासमोर धरला, आणि भिंग उचलून खालची बारीक अक्षरं बोट ठेवून तपासली.

"यात मेख काय आहे?" तिनं विचारलं.

"काही नाही."

लेकीनं बोट ओलं केलं आणि सहीवर घासून पाहिलं. खेळण्यांचा रंग निघतो का, हे बघायची खेचूबाईची तीच पद्धत होती. शाई पसरली नाही.

"दाराबाहेर लपून थांबणार नाहीस?"

"नाही," खेचूबाई म्हणाली. हा शब्द उच्चारणं तिला फार जड गेलं.

लेकीनं कागद टेबलावर ठेवला. आईच्या चेहऱ्यावरून तिनं नजर हटवली नाही, फक्त ओठ किंचित हलत होते. ती मोजतेय, हे खेचूबाईच्या लक्षात आलं. तिला नजर खाली घालावीशी वाटत होती, "पण जरा सांभाळून" असं काहीतरी म्हणावंसं वाटत होतं. ती ताठ बसून राहिली.

दहा झाल्यावर लेकीनं कागदाची नीट घडी घातली आणि तो पाकिटात ठेवला.