शेऱ्याचा रकाना

ती माहिती माझ्याकडून मागितली गेली होती, की मी ती आपणहून दिली? या एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायला मी बसले आहे. घरातही हा विषय मी कधी काढला नाही. माझे यजमान गेले, तेही हे न कळताच गेले.

सातपूरच्या एका कारखान्यातल्या दवाखान्यात मी नोंदी ठेवत असे. नव्वदीचे दशक संपत आले होते. त्याआधी काही वर्षे मी शाळेत शिकवले होते, आणि तिथली एक सवय हातात राहून गेली होती — तक्त्यातला रकाना रिकामा सोडायचा नाही. कामगार मला ‘बाई’ म्हणत, चिडवतही. “बाई, ताप बघता का परीक्षा घेता?” मला ते आवडे. खोटे कशाला सांगू?

काशीनाथ गावित सुरगाण्याकडचा. रंगकाम विभागात टेंपररी होता. त्याला क्षय झाला, तेव्हा डॉक्टरांखेरीज ते फक्त मला ठाऊक होते. गोळ्या तो माझ्यासमोर गिळत असे. औषध पुरे केले आणि बराही झाला. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, “बाई, कोनाला कळू देऊ नका. घरमालक खोली सोडाय लावंल.” मी त्याला सांगितले, “इथले कागद या कपाटाबाहेर जात नाहीत.”

पुढच्या वर्षी काही टेंपररी कामगारांना कायम करायचे ठरले. पर्सोनेलच्या साहेबांनी माझ्याकडे यादी मागितली. काय मागितले होते? नेमके सांगते — आजारपणाची रजा कोणी किती दिवस घेतली, एवढेच. नाव आणि दिवस. दोन रकाने.

मी पट्टीने तक्ता आखला. आणि तिसरा रकाना काढला — ‘शेरा’.

का? तक्ता अपुरा दिसत होता. दुसरे कारण मी पुष्कळ वर्षे शोधले आहे — भीती, दडपण, नोकरीची काळजी. सापडले नाही. आणि रकाना काढल्यावर तो रिकामा कसा ठेवायचा? एकाच्या नावापुढे लिहिले, ‘फिट येतात’. एकीच्या पुढे, ‘गर्भपात, दोन वेळा’. गावितच्या पुढे, ‘क्षय’. ‘बरा झाला’ हे शब्द त्या रकान्यात मावले नाहीत.

साहेब म्हणाले, “वा बाई! काम असावं तर असं.”

तेव्हा उत्तर हे — मी आपणहून दिली.

त्या यादीतल्या सहा जणांना कायम करणे दूरच, कामावरूनच कमी केले. गावित हिशेबाचा कागद घ्यायला आला, तेव्हा कँटीनमध्ये सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, “जा गावित, छातीला सुरगाण्याची हवा चांगली!” दवाखान्याबाहेर जे कोणालाच ठाऊक नव्हते, ते याला कसे कळले? सहाही जणांना उमगले. दवाखान्यातल्या खासगी नोंदी वापरून आम्हाला काढले, असा दावा घेऊन ते कामगार न्यायालयात गेले. अशी यादी झालीच नाही, असे कंपनीने सांगितले. उरले मी — कामगारांनी बोलावलेली एकमेव साक्षीदार.

मला कोणी धमकावले नाही, हेही नोंदवते. साहेब एवढेच म्हणाले, “बाई, तुम्ही समजदार आहात.”

शपथ झाली. कामगारांच्या वकिलाने विचारले, “दवाखान्यातली माहिती तुम्ही कोणाला दिली होती का?” खोटे बोलणाऱ्या मुलांना मी एके काळी बाकावर उभे करत असे. मी म्हणाले, “नाही. ते कागद कपाटाबाहेर जात नाहीत.” पुढे दावा फेटाळला गेला.

पण साक्षीपेक्षा मला न्यायालयाचा व्हरांडा अधिक छळतो. तिथे गावित उभा होता. मी मान खाली घालून निघाले, तर तोच पुढे आला आणि त्याने हात जोडले.

“माफ करा बाई. वकील सारखा म्हनं, यादी बाईंचीच. माझ्या पन मनात आलं व्हतं एकदा. आज तुमी शपथेवर बोलल्या — मन हलकं झालं.”

न्यायाधीश अजून आत बसलेले होते. दार दहा पावलांवर होते. मी काय केले?

मी म्हणाले, “असू द्या, गावित. होतं असं माणसाचं.”

मी त्याला क्षमा केली — कळते आहे ना, काय लिहिते आहे मी? क्षमा — मी — त्याला. तो खाली वाकू लागला, पाया पडायला. मी त्याला पडू दिले.

नंतर तो द्राक्षांच्या बागांत औषध फवारायला जात असे, एवढे कानावर आले. पुढचे मी विचारले नाही.

हे लिहिलेले केवळ माझ्या शब्दावर खरे मानू नका. माझ्या शब्दाचे मोल तुम्ही आत्ताच पाहिले. माझी साक्ष त्या न्यायालयाच्या दप्तरात माझ्या सहीनिशी आहे. तिची नक्कल मागवा, आणि या मजकुराशी स्वतः ताडून पाहा.