माल्टाच्या होड्यांनी नवरा पटवला

मंडळी, जिंकले मी! व्हॅलेंटाइनला आम्ही दोघं माल्टाला चाललोय. आत्ताच तिकिटं काढली.

आम्ही वर्सोव्याचे कोळी. नवऱ्याची स्वतःची बोट आहे. त्यामुळे भूमध्य समुद्रातलं बेट म्हटल्यावर त्याचं एकच, "अगं, रोज समुद्रातच असतो ना मी? सुट्टीत पण पाणीच बघू? त्यापेक्षा मनालीला चल."

किती दिवस मी त्याला हॉटेलं दाखवत होते, मेणबत्त्या लावलेली टेबलं दाखवत होते. ढिम्म हलला नाही.

आज जेवताना सहज तिथल्या बंदराचा फोटो दाखवला. निळ्या-पिवळ्या होड्या, प्रत्येकीच्या पुढच्या टोकाला दोन डोळे रंगवलेले. त्याचा घास हातातच राहिला.

"आपण नारळी पुनवेला बोट सजवतो, तशी हे लोक रोज ठेवतात?" फोटो मोठा करून करून बघितला. मग म्हणाला, "काढ तिकिटं."

अट एकच. व्हॅलेंटाइनच्या पहाटे तो तिथल्या मच्छीमारांबरोबर समुद्रात जाणार.

जा म्हटलं, बिनधास्त जा! मी मस्त लोळत पडणार. आणि तू आणलेली मच्छी लग्नानंतर पहिल्यांदा दुसरं कोणीतरी साफ करणार.

बायांनो, याहून रोमँटिक काही असेल तर सांगा!