अर्धे सूर दादाकडे

आंदीज पर्वतातलं सिकू हे वाद्य मी दोन वर्षं चुकीचं ऐकत होतो. वर्तमानपत्राच्या परदेश पानासाठी बोलिव्हियाची एक बातमी तपासताना ते पहिल्यांदा कानावर पडलं: ओळीने बांधलेल्या वेताच्या नळ्या, त्यांत फुंकर, मागे मोठा ढोल. मग सुरतेत ऑफिसला जाता-येता रोज ऐकू लागलो. वाजवणारा एकच आहे, असं धरून चाललो होतो. एका चित्रफितीत दोघं समोरासमोर दिसले. सिकूची जोडी असते. एक सूर एकाच्या नळ्यांत, पुढचा दुसऱ्याच्या. तिथे हवा विरळ. एक फुंकतो तोवर दुसरा श्वास घेतो.

त्याच आठवड्यात दादाच्या छातीतली नळी काढली. न्यूमोनियानंतर पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "फुंकायचा व्यायाम करा. शनिवारच्या एक्स-रेत फुप्फुस फुगलेलं दिसलं नाही, तर पुन्हा नळी."

सुरतेतल्याच बमरोलीच्या घरी दादाने व्यायामासाठी आणलेले फुगे कोपऱ्यात टाकले. "मी काय धाकला पोऱ्या शे का?" घरात तो अहिराणीच बोलतो.

"बिड्या ओढताना बरा पुरायचा दम," वहिनी म्हणाली.

मी वायरिंगचा प्लास्टिक पाइप कापला, तुकड्यांची बुडं मेणाने बंद केली, दोन जुड्या बांधल्या. गुरुवारी सकाळी एक त्याच्या हातात दिली.

"माझ्यानंतर तू."

"आन मी नही फुकं तं?"

"तर धून तिथंच अडेल."

मी फुंकलं. पुढची जागा रिकामी गेली. पुन्हा फुंकलं. पुन्हा रिकामी. तो सूर माझ्या नळ्यांत नव्हता, त्यामुळे मला काही करता येत नव्हतं. तिसऱ्या वेळी दादा कूस धरून खोकला. वहिनीने गॅस बंद केला आणि दारात उभी राहिली. चौथ्या वेळी नुसती हवा आली. पाचव्या वेळी जाड, कापरा सूर. मी लगेच पुढचा दिला.

त्या दिवशी चार सूर झाले, शुक्रवारी नऊ.

शनिवारी डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"खाली थोडं राहिलंय," ते म्हणाले. "नळी नको. जे करताय ते थांबवू नका."

बाहेर दादा भिंतीला हात टेकून उभा राहिला. श्वास जमवला.

"मन्हा पाइप कोठे शे?"