पाड्यावर नसलेली मुलगी

दिनांक ११ मार्च २०२४ रोजी नम्रता धाकलू हिलम हिने पासपोर्टच्या अर्जाचे एक हजार पाचशे रुपये भरले, आणि त्या दिवसापासून तिचं बूड एका जागी टेकेना. जेवायला बसली तर अर्ध्या ताटावरून उठे. वर्गात सर मागणी-पुरवठ्याचा आलेख काढत, तेव्हा तिचा अंगठा बाकाखाली मोबाइलवर फिरत असे. अर्ज 'प्रक्रियेत आहे.' सकाळी तेच, दुपारी तेच.

कारणही तसंच होतं. अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गातून एका विद्यार्थ्याला विद्यापीठ सप्टेंबरमध्ये पोलंडला पाठवणार होतं. एक सत्र तिकडे शिकायचं, परीक्षा तिकडेच द्यायची आणि गुण इकडच्या गुणपत्रिकेत धरायचे. विमानाचं भाडं, राहणं, जेवण, सगळं शिष्यवृत्तीतून. यादीत पहिलं नाव नम्रताचं होतं. अट एकच, पासपोर्टचा नंबर तीस एप्रिलच्या आत कळवायचा. नाही कळवला तर जागा यादीतल्या दुसऱ्या नावाला. आणि दुसरं नाव होतं दिपालीचं, वसतिगृहात तिच्याच खोलीत राहणाऱ्या मुलीचं.

दिपाली मुरबाडची. म्हसा गावच्या जत्रेत तिच्या वडिलांचं घोंगड्यांचं दुकान लागे. काका दुबईला असल्यामुळे घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट कधीचेच काढून ठेवलेले होते.

"बस ना गं जरा," दिपाली म्हणायची. "तुझ्या येरझाऱ्यांनी फरशी झिजली."

"तुझं बरंय. तुझा पासपोर्ट कपाटात आहे."

"म्हणून तर सांगते, तू जा. तू गेलीस की मला निवांत अभ्यास करता येईल."

"आणि नाही गेले तर?"

"तर मी जाईन," दिपाली म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

नम्रताला राग आला नाही. उलट असं तोंडावर बोलणारी मुलगी खोलीत आहे याचं बरंच वाटलं.

पासपोर्टसाठी पोलीस घरी येऊन चौकशी करतात, हे तिला ठाऊक होतं. तिचं घर डोळखांबच्या पुढे. डांबरी रस्ता सोडायचा, ओढा ओलांडायचा, मग पाडा. वीस-बावीस घरं. भाताची कापणी आणि झोडणी आटपली की धडधाकट माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. नम्रताचे आईवडील, काशी आणि धाकलू, भट्टीवरच होते. घरी होती सकुबाई, धाकलूची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही, तेव्हापासून ती भावाकडेच. नम्रताला वाढवली तिनेच.

म्हणून नम्रताने आत्याला फोन केला.

"आत्या, ऐक. पाड्यावर पोलीस येतील."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आत्या?"

"कशाला?"

"माझी चौकशी करायला. नाव, पत्ता विचारतील. तू घाबरू नको."

"मी कशाला घाबरू?" सकुबाई म्हणाली. "येऊ दे. मी हाय ना हितं. तू हिकडं येऊ नको मातर."

हे शेवटचं वाक्य नम्रताला जरा विचित्र वाटलं होतं. पण तिला वाटलं, आत्याला आपल्या एसटीच्या भाड्याची काळजी असेल.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोबाइलवर ओळ बदलली. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

तिने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग ठाण्याच्या पासपोर्ट कार्यालयात जाऊन रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "फेरतपासणीचा अर्ज द्या. पण पोलिसांनी नवीन अहवाल दिल्याशिवाय पुढं काही नाही. मुळात ते आले तेव्हा घरी कोण होतं, ते बघा."

घरी कोण होतं हे तिला माहीत होतं. तिने अर्ज तिथेच दिला, लोकलने आसनगाव आणि मग शहापूर गाठलं, तिथून डोळखांबची गाडी धरली, आणि उन्हं तापलेली असताना ओढ्यातून पाड्यावर चढली. ओढ्याला पाणी नव्हतंच.

सकुबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने पोरीला पाहिलं आणि पहिल्यांदा मागे, रस्त्याकडे पाहिलं.

"कुनी बगितलं का तुला येताना?"

"बघू दे की! आत्या, पोलीस आले होते?"

"आलता एक. फटफटीवर. घरात चल आदी, घरात."

"काय विचारलं त्याने?"

"तुजं नाव घेतलं. हितं ऱ्हाते का म्हनाला."

"मग?"

"मग काय? नाय म्हनले." सकुबाईच्या आवाजात कामगिरी फत्ते केल्याचा ठसका होता. "असल्या नावाची पोरगीच नाय पाड्यात, म्हनले. त्यानं ठमीला इचारलं. ठमी म्हनाली, नाय. भगीरथाला इचारलं. त्याला ऐकू येत नाय, पन त्यानंबी मान हालवली. सगल्यांना मी आदीच सांगून ठेवलं व्हतं."

तेवढ्यात शेजारची ठमी काठी टेकत आली आणि दारातच म्हणाली, "आनि फोटो, फोटोचं सांग ना!"

भिंतीवर नम्रताचा एक फोटो असे. पदवीच्या परीक्षेनंतर गावाने सत्कार केला होता, तेव्हाचा, गळ्यात हार. आता तिथे नुसता खिळा होता. फोटो नाचणीच्या कणगीत, वरून मूठभर दाणे पसरून, आत्याने पुरून ठेवला होता.

नम्रता भिंतीला टेकून खाली बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींपैकी एकही धड बाहेर पडेना.

"आत्या, तो मला धरायला नव्हता आला गं. मी इथली आहे एवढंच लिहून न्यायला आला होता. मीच बोलावलं होतं त्याला."

"पोलिसाला? कुनी बोलावतं?"

"मी तुला सांगितलं होतं ना, घाबरू नको म्हणून!"

"तेच तर!" सकुबाई उसळली. "घाबरू नको कवा म्हनतात मानसाला? बरं चाललं असलं तर म्हनतात?"

नम्रताचा राग उतरला नव्हता. "खोटं का बोललीस? एवढं सरळ विचारत होता तो."

सकुबाईने हातातली परडी खाली ठेवली.

"तू येवडीशी व्हतीस. मुकादम यायचा, धाकल्याला भट्टीची उचल द्यायला. दर साली इचारायचा, पोरगी कुठंय, इटा उलटायला चालंल. मी म्हनायची, नाय. मामाकडं गेली. आजारी हाय. पोरगीच नाय. तू तवा मागल्या दारी टोपल्याखाली. धाकल्या आनि काशी गेली, तू माज्यापाशी राह्यलीस, साळंत गेलीस. ते खोटं गोड लागलं ना? तवा नाय इचारलंस, का बोलते म्हनून."

ठमी काठीशी चाळा करीत राहिली. नम्रताला ते टोपलं आठवलं. कोंबड्या झाकायचं, बांबूचं. आत कोंबडीच्या पिसांचा वास यायचा, आणि बाहेर आत्याचा आवाज, शांत, एकसारखा.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "पोलीस ठाण्यावर येशील? तिथं येऊन सांगशील, मी इथली आहे म्हणून?"

सकुबाईचा चेहरा उतरला. सगळ्या जन्मात तिने पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नव्हती. बाजाराला जातानाही ती त्या इमारतीसमोरून जायची नाही, पलीकडची बाजू धरायची.

"मी खोटं बोलले म्हनून मलाच आत घातलं तर?"

"नाही घालणार."

"घाबरू नको म्हन आता," ठमी म्हणाली, आणि तिघीही हसल्या.

त्या रात्री सकुबाई झोपली की नाही, कोण जाणे. नम्रताला तर डोळा लागलाच नाही. सकाळी बघते तो आत्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली. आणि एकटी नव्हती. ठमी होती, भगीरथ होता, पाड्यावर चालतं-बोलतं जेवढं माणूस उरलं होतं तेवढं सगळं होतं. एकीने नाही म्हटलं नव्हतं, सगळ्यांनी म्हटलं होतं, तर निस्तरायलाही सगळ्यांनीच जायचं, असा त्यांचा हिशेब. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधारकार्ड.

डोळखांबच्या शामची जीप उधारीवर सांगितली. एवढी माणसं बघून शाम म्हणाला, "काय रे, वऱ्हाड कुणाचं?"

"हिचं," ठमी म्हणाली. "नवरा फुडं बगू."

ठाण्यात हवालदार टेबलाशी चहा पीत होता. तोच तो, फटफटीवाला. दारात पाडा उभा बघून त्याने कप खाली ठेवला.

"काय झालं? कुणाचं भांडण?"

सकुबाई सगळ्यांच्या पुढे होती. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. नम्रता बोलायला पुढे झाली, तसा आत्याने तिला हाताने मागे सारलं.

"साहेब, ही नम्रता. धाकलूची पोरगी. आमच्या पाड्यावरची."

हवालदाराने सकुबाईला ओळखलं. "आजी, त्या दिवशी तर म्हणालात, अशी पोरगीच नाही."

"तवा नवती," सकुबाई म्हणाली. "आता हाय."

टेबलाच्या पलीकडचा दुसरा पोलीस फुस्सकन हसला. हवालदाराने हसू दाबलं. मग एकेकाला विचारलं, ही कोण? ठमी म्हणाली, माझ्या दारात खेळली. कोणी म्हणालं, माझं पेन्शनचं कागद हीच वाचते. भगीरथाला ओरडून विचारलं, तेव्हा त्याने सवयीने आधी नकाराची मान हलवली आणि ठमीचा कोपर बरगडीत बसल्यावर होकाराची. हवालदाराने जबाब लिहून घेतले. अंगठे झाले, सह्या झाल्या.

"आता मला पुन्हा घरी यावं लागेल," तो म्हणाला. "फेरतपासणीचा कागद वरून आला की येतो. या वेळी मुलगी घरात असू दे."

आणि मग सुरू झालं ते खरं थांबणं. नम्रता पाड्यावरच राहिली. मोबाइलला रेंज फक्त देवाच्या आंब्याखालच्या खडकावर. ती दिवसातून कितीतरी वेळा तिथे चढे, उतरे. पुस्तक उघडी, मिटी. अंगण सारवून झालं, भांडी घासून झाली, घासलेली पुन्हा घासली. ओढ्याकडून कसलाही आवाज आला की दोघी दारात येत. कागद वरून यायला एप्रिल सरत आला. हवालदार आला तेव्हा सकुबाईने त्याला कणगीतून काढून पुन्हा खिळ्याला लावलेला फोटो दाखवला, मोहाची भाजलेली फुलं दिली आणि जाताना ओढ्यापर्यंत पोचवायला गेली.

पासपोर्ट आला तो चार मेला. पोस्टमनने डोळखांबला बोलावून हातात दिला. कोरा करकरीत.

पण तीस एप्रिलची तारीख उलटून गेली होती. विद्यापीठातल्या विभागाच्या बाईंनी दोन दिवस थांबवून धरलं, त्याहून जास्त त्यांच्या हातात नव्हतं. दिपालीचा फोन आला. नेहमीसारखं बोलता येईना तिला.

"नमू, मी नाही म्हणू का?"

"आता तू नाही म्हणालीस तर जागा तिसऱ्याला जाईल," नम्रता म्हणाली. "जा तू. थंडीचे कपडे दोन जोड आण. एक मला लागेल."

कारण बाईंनी तिचं नाव फेब्रुवारीच्या सत्रासाठी पहिलं ठेवलं होतं. तशी चिठ्ठी लेखी मिळाली होती. म्हणजे जायचं होतंच. पण फेब्रुवारी म्हणजे भट्टीचा ऐन हंगाम. तेव्हा निरोप द्यायला पाड्यावर ना काशी असणार, ना धाकलू. सप्टेंबरात दोघं घरी असती. हे तिने आत्याला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"माज्यामुळं गेलं," सकुबाई दुसऱ्या दिवशी म्हणाली.

नम्रताला 'नाही' म्हणता आलं असतं. पण या घरात ते बरंच वापरून झालं होतं. ती म्हणाली, "हो. पण फेब्रुवारीला जाते ना." आणि आत्याशेजारी बसून फुलं निवडू लागली. बऱ्याच दिवसांनी ती अशी बसली होती.

दुपारी सुक्या मासळीवाला आला. सकुबाईने बोंबील हातात घेतले, भाव केला, आणि त्याने काहीही विचारलेलं नसताना म्हणाली, "ही नम्रता. धाकलूची पोरगी. हितलीच हाय. फेब्रुवारीत परदेशाला चाललीय."

शामच्या जीपचे दोनशे ऐंशी रुपये अजून द्यायचे आहेत.