बेने इस्राएल आणि आमचा दप्तरखाना

जुने कागद गोळा करायला निघालं की कागद येतात मूठभर आणि किस्से पोतंभर! पुण्यातल्या बेने इस्राएल घरांचे, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंचे, फोटो, लग्नपत्रिका, आवाज असं सगळं शहराच्या दप्तरखान्यात जमा करायचं काम आम्ही काही मंडळी हौसेने करतो. घाई एवढ्यासाठी, की एकेक घर इस्रायलला चाललंय आणि माणसाबरोबर त्याच्या आठवणीही विमानात बसतात. पण काम होणार! आमच्या चिकाटीपुढे भल्याभल्यांनी माळे उघडलेत.

पहिला मान माझ्या रिबेकामावशीचा. राहणार रास्ता पेठ, जीभ मात्र नारायण पेठेची. रिसर्च करणाऱ्या एका मुलीने रेकॉर्डर लावून विचारलं, "आजी, तुम्ही भारतात कधी आलात?"

"अगं, गेले असते तर आले असते ना! एकदा लोणी काळभोरला लग्नाला गेले होते. संध्याकाळी परत आले."

मुलीने तेही लिहून घेतलं.

याच मावशीला मी अल्बम घेऊन दप्तरखान्यात नेलं. तिथल्या प्रमुख देशमाने मॅडम फार शिस्तीच्या. त्यांनी मावशीपुढे पांढरे हातमोजे ठेवले. "फोटोंना नुसता हात लावायचा नाही हं."

मावशीने पहिलं पान उघडलं. सासूबाई! मावशी म्हणाली, "जिवंत होती तेव्हा हिच्या स्वयंपाकघरात हात लावायची चोरी. आता फोटोलाही नाही?"

मॅडम हसल्या, पण मोजे घालायला लावलेच.

मग मलिद्याचं शूटिंग. मलिदा म्हणजे नवस फेडताना करतात तो आमचा गोड पोह्यांचा प्रसाद, वर नारळ आणि फळं. प्रार्थना झाली, ताट फिरलं. तेवढ्यात कॅमेरावाला म्हणाला, "सॉरी, बटण दाबायचं राहिलं. परत एकदा घेऊया?"

ताटात फक्त खजुराच्या बिया होत्या! पुढच्या गुरुवारी परत मलिदा केला. त्या दिवशी गर्दी दुप्पट.

आणि सॅमसनकाका. त्यांच्या आजोबांनी रचलेलं, आमच्या धर्मग्रंथातल्या योसेफाचं मराठी कीर्तन कुठेच लिहिलेलं नाही, फक्त काकांच्या गळ्यात आहे. काका पुढच्या आठवड्यात कायमचे मुलीकडे इस्रायलला निघाले होते. आम्ही झकास स्टुडिओ ठरवला. काका माइकसमोर बसले आणि गप्प!

"रिकाम्या खोलीत कीर्तन होत नाही. समोर माणसं आणा."

म्हणून मग त्यांच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी घातली. अख्खी बिल्डिंग आली. काकांनी पेटी ओढली आणि आवाज असा लागला, की माझ्या अंगावर काटा आला. रंगात येऊन ते गायले, "भावांनी लोटिला योसेफ विहिरीत..."

आणि अडकले. पुढची ओळच आठवेना. पुन्हा म्हटली, पुन्हा तिथेच. काकांचा चेहरा उतरला. ही ओळ आता विचारायची कोणाला? ती जाणणारं दुसरं कोणी हयातच नव्हतं.

तेवढ्यात मागून एक बसका आवाज आला, "बाप वाट पाहे बसोनि दारात..."

वरच्या मजल्यावरचे गोखले! काकांच्या पेटीचा त्रास होतो म्हणून सोसायटीकडे दरवर्षी न चुकता तक्रार करणारे!

काकांनी वळून पाहिलं नाही. पेटीवरचा हातही काढला नाही.

"सूर थोडा वर घ्या, गोखले."